विदर्भातल्या उन्हात सायकल चालवताना अंगात काय घालायचं : निवड, तपासणी आणि नेहमीच्या चुका

होळी आटोपली की सायकलवाल्यांची कपडेखरेदी सुरू होते आणि दरवर्षी त्याच चुका होतात. ऊन आहे म्हणून बिनबाह्यांची जर्सी घेतली जाते. दिसायला झकास म्हणून ती काळी असते. सीट टोचते म्हणून हाती लागेल ती सगळ्यात जाड पॅडची शॉर्ट्स येते. एप्रिलच्या मध्यावर हे सगळं कपाटात जातं. मग माणूस एक तर जुन्या टी-शर्टवर येतो, नाही तर दिवाळीपर्यंत सायकल भिंतीला टेकवून ठेवतो.

पुण्या-मुंबईकडचे सल्ले आपल्याकडे जसेच्या तसे चालत नाहीत. यवतमाळ, वर्धा, अकोला, चंद्रपूरकडचं ऊन वेगळ्या जातीचं आहे. ते का, एवढं आधी समजून घेतलं तर पुढच्या पायऱ्या पाठ कराव्या लागणार नाहीत.

आधी एवढं डोक्यात पक्कं करा

आपल्या कातडीचं तापमान साधारण ३३ ते ३५ अंश असतं. हवा त्याहून थंड असेल तर अंगावर येणारा वारा गार लागतो. मे महिन्यात मात्र सकाळी दहाच्या सुमारासच पारा चाळिशीकडे सरकलेला असतो. अशा वेळी वारा अंगाला थंड करत नाही, उलट तापवतो. शरीराकडे मग एकच उपाय उरतो, तो म्हणजे घाम वाळवणं.

घरचा कूलर याच तत्त्वावर चालतो. खसाच्या ताट्या ओल्या हव्यात, हवा कोरडी हवी आणि पंखा चालू हवा. ताट्या काढून टाकल्या की तोच पंखा गरम हवा तोंडावर फेकतो. सायकलवर वेग म्हणजे पंखा आणि अंगातला पातळ कपडा म्हणजे ताटी. हा कपडा थेट ऊन अडवतो आणि घाम खाली ठिबकून वाया जाऊ न देता धरून ठेवतो. म्हणून कोरड्या उन्हाळ्यात अंग झाकायचं, पण पातळ कापडाने.

मृग लागला, आभाळ भरलं, हवा दमट झाली की तोच कूलर नुसती चिकचिक करतो. कपड्यांचंही तसंच होतं. तेव्हा ओला कपडा वाळत नाही आणि अंगाला चिकटून बसतो. म्हणून हंगाम ओळखायची सोपी खूण अशी : घरचा कूलर गार हवा देतोय तोवर कोरड्या उन्हाचे कपडे, आणि तो चिकट हवा फेकू लागला की दमट दिवसांचे. ऑक्टोबरच्या उकाड्यालाही हीच खूण लावा.

तेंदूपत्ता तोडायला पहाटे निघणाऱ्या बाया साडीवर घरच्या माणसाचा फुल बाह्यांचा जुना शर्ट चढवतात, डोक्याला कापड गुंडाळतात. दिवसभर रानात राहणाऱ्यांपैकी कुणी उघड्या हातांनी जात नाही. तरीही आपण फुल बाह्या घालून टपरीवर थांबलो की कुणी ना कुणी विचारतोच, "काहून गा भाऊ, एवढ्या उन्हात फुल बाह्या?"

पायरी १ : वेळ आणि अंतर आधी ठरवा

कपडे घ्यायच्या आधी एका कागदावर दोन गोष्टी लिहा. किती वाजता निघणार आणि सलग किती वेळ सीटवर बसणार.

शेत, शाळा, बाजार असं तासाभराच्या आतलं जाणं-येणं असेल तर पॅडच्या शॉर्ट्सची गरज नाही. पातळ सैलसर सुती शर्ट, डोक्याला कापड आणि पायांत बंद चप्पल किंवा जोडे पुरतात. उगाच खर्च करू नका.

दोन-तीन तासांची सकाळची फेरी असेल तर हा लेख तुमच्यासाठीच आहे. मे महिन्यात आपल्याकडे साडेपाच-पावणेसहाला सूर्य उगवतो. पाचला निघून साडेआठपर्यंत घर गाठायचं, हा साधा हिशेब.

नऊच्या पुढे रस्त्यावर राहावं लागणार असेल तर मान, हात आणि डोकं झाकणं ऐच्छिक राहत नाही.

सावध : चांगल्या कपड्यांनी फार तर तास-दीड तास जास्त निभतो. बारा ते चारचं ऊन कुठल्याही कपड्याने निभत नाही, नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या सगळ्यात तापलेल्या नऊ दिवसांत, तर नाहीच.

पैसे कमी असतील तर खरेदीचा क्रम असा ठेवा : आधी शॉर्ट्स, मग हातांच्या स्लीव्ह्ज, मग डोक्यासाठी कापड, मग चष्मा आणि सगळ्यात शेवटी जर्सी. बहुतेक लोक नेमकं उलट करतात. जर्सी फोटोत दिसते म्हणून ती आधी येते.

पायरी २ : खालून सुरुवात करा

पॅडच्या शॉर्ट्सबद्दल जितके गैरसमज आहेत तितके दुसऱ्या कुठल्याच कपड्याबद्दल नाहीत. त्यामुळे इथे सावकाश वाचा.

पॅडची जाडी. जाड पॅड म्हणजे जास्त आराम, असं दुकानात वाटतं. अंगठ्याने दाबून बघितलं की मऊ लागतं आणि माणूस घेऊन टाकतो. खरं तर मऊ आणि जाड पॅड तासाभरात दबून जातो आणि हाडं सीटला लागतातच. शिवाय जाड जेलचा पॅड घाम आणि उष्णता धरून ठेवतो. मध्यम जाडीचा, घट्ट फोमचा आणि हवा जायला भोकं असलेला पॅड निवडा. अंगठ्याने जोरात दाबा. मागच्या कापडाला अंगठा टेकल्यासारखा लागला तर तो पॅड उपयोगाचा नाही. सोडल्यावर लगेच पूर्ववत व्हायला हवा.

शिवण. शॉर्ट्स उलटी करून पॅडच्या कडेवर बोट फिरवा. जिथे पॅड कापडाला जोडलाय तिथे उंचवटा किंवा टोचणारा दोरा लागला तर ती ठेवून द्या. दुकानात बोटाला जे जेमतेम जाणवतं, ते दोन तास सायकल चालवल्यावर मांडीच्या आतल्या बाजूला लाल चट्टा पाडतं.

लांबी. पायाची कड मांडीच्या निम्म्याच्या खाली यायला हवी. आखूड शॉर्ट्समध्ये मांडीची आतली बाजू सीटच्या टोकाला घासते आणि घामाने ओल्या कातडीला लवकर काच पडतो.

माप. उभं राहिल्यावर थोडी ओढल्यासारखी वाटली तर माप बरोबर. सायकलवर आपण वाकलेले असतो, म्हणून वाकून बघायचं. कोपरं टेबलावर टेकवा, एक गुडघा वर घ्या. तेव्हा पॅड जागचा हलला नाही आणि पोटाला घट्ट आवळलं नाही तर ठीक. पॅड आणि कातडी यांच्यात हवा खेळत असेल तर शॉर्ट्स मोठी आहे. "सैल असली की गार राहील" हा हिशेब शर्टाला लागू पडतो, पॅडला नाही. सैल पॅड घासतो.

बायकांचा पॅड वेगळ्या आकाराचा असतो, मागे जरा रुंद. घरातली एकच शॉर्ट्स दोघांनी वापरायची हा बचतीचा मार्ग नव्हे.

सावध : पॅडच्या शॉर्ट्सखाली अंडरवेअर घालायची नाही. ही चूक बरेच नवे सायकलवाले करतात, संकोचाने किंवा सवयीने. अंडरवेअरची शिवण आणि ओलं सुती कापड पॅडच्या आणि कातडीच्या मध्ये येतं आणि पॅडचा उपयोग संपतो. जांघेतल्या पुळ्या, गजकर्ण, काचलेली कातडी यांची सुरुवात बहुतेक वेळा इथूनच होते.

खांद्यावर पट्टे असलेली बिब शॉर्ट्स पोटाला आवळत नाही, म्हणून लांब अंतराला चांगली. पण रस्त्यात लघवीला थांबायचं म्हटलं की बऱ्याचदा जर्सी काढावी लागते. घामाने भिजलेली जर्सी उतरवणं आणि परत चढवणं म्हणजे एक वेगळीच कसरत. पहिली शॉर्ट्स कंबरेची घ्या, बिबचं नंतर बघा.

आता गावातली खरी अडचण. लायक्राची तंग चड्डी घालून पारासमोरून जायचं कसं? ती लाज खोटी नाही आणि तिच्यावर हसण्यासारखंही काही नाही. पॅड असलेली आतली पातळ शॉर्ट्स मिळते, तिच्यावर पातळ, सैल हाफ पँट घाला. बायकांनी तीच शॉर्ट्स सलवारखाली घालावी. वरची पँट मात्र जीन्सची किंवा मध्यभागी जाड शिवण असलेली नको, नाही तर शिवण सीट आणि पॅडच्या मध्ये येऊन टोचते.

तपासा : नव्या शॉर्ट्समध्येही सीट टोचत असेल तर आधी सीटची उंची आणि सपाटी बघा. टोक वर उचललेली सीट कुठल्याही पॅडने सुसह्य होत नाही.

पायरी ३ : वरचा कपडा, आधी कापड बघा

आपण कापूस पिकवतो, तेव्हा सुती चांगलं की पॉलिस्टर हा प्रश्न आपल्याकडे भावनेचाही होतो. उत्तर अंतरावर अवलंबून आहे. सुती कापड पाणी पिऊन घेतं आणि सावकाश सोडतं. कोरड्या मे महिन्यात, तासाभराच्या आत, पातळ सैल सुती शर्टाइतकं सुखाचं काही नाही. पण दोन तास घाम पीत राहिला की तो जड होतो, काखेत आणि पोटाला घासतो. दमट हवेत तर वाळतच नाही. चांगलं विणलेलं पॉलिस्टर पाणी जवळपास पीत नाही. घाम धाग्यांमधून पसरत बाहेर येतो आणि वाळतो. लांब फेरीला म्हणून तेच बरं.

मात्र "ड्राय-फिट" असा शिक्का मारलेलं सगळंच कापड असं वागत नाही. आठवडी बाजारात मिळणारे क्रिकेटचे टी-शर्ट याचा नमुना आहेत. काही उत्तम असतात, काही निव्वळ प्लॅस्टिक. शिक्क्यावर विसंबू नका, या तीन चाचण्या करा.

फुंकर. कापड एकपदरी तोंडाला लावा, पलीकडे तळहात धरा आणि फुंकर मारा. तळहाताला हवा लागली पाहिजे. गाल फुगले आणि हाताला काहीच कळलं नाही तर ते कापड पावसाळी जाकिटाला ठीक.

पाण्याचा थेंब. कपडा उलटा करा, म्हणजे अंगाला लागणारी बाजू वर येईल. बोटाने पाण्याचा एक थेंब टाका आणि बघत राहा. चांगल्या कापडावर थेंब लगेच बसतो आणि पाच-सात सेकंदांत रुपयाच्या नाण्याएवढा डाग पसरतो. बाहेरच्या बाजूने बघितलं तर तिथेही ओल दिसते. वाईट कापडावर थेंब अळवाच्या पानावर राहतो तसा गोल राहतो आणि कापड कलतं केलं की घरंगळतो. नव्या कपड्याला कधी कधी खळ असते, त्यामुळे थेंब पसरत नाही. एकदा धुऊन पुन्हा बघा. तेव्हाही घरंगळला तर तो कपडा अंगणात झोपायला ठेवा.

उजेड. कापडाखाली हात धरून उजेडात बघा. बोटं स्पष्ट मोजता आली तर ऊनही तितकंच आत येणार. फुंकर जाते पण बोटं पुसट दिसतात, असं कापड शोधायचं. या दोन चाचण्या एकमेकींच्या विरुद्ध ओढतात. तडजोड म्हणून खांदे आणि पाठ दाट विणीची, काखा आणि कुशी जाळीच्या, अशी जर्सी मिळते. ती सगळ्यात उत्तम.

लेबलवर यूपीएफ लिहिलेलं असतं. यूपीएफ ५० म्हणजे अतिनील किरणांचा पन्नासावा भाग, म्हणजे २ टक्के आत येतो. साध्या पातळ पांढऱ्या सुती टी-शर्टचा आकडा ५ ते ७ च्या आसपास असतो आणि तो भिजला की आणखी घसरतो. सुती टी-शर्ट घालूनही पाठ भाजते, त्याचं कारण हेच.

रंग. फिका घ्या. पण निखळ पांढरा ओला झाला की आरपार दिसतो, आणि काळ्या मातीच्या पांदणीतून एक फेरी झाली की पांढरा राहत नाही. लिंबू पिवळा, फिका केशरी, आभाळी हे रंग बरे. पहाटेच्या अंधारात निघायचं असतं, मागून ऊसाचे आणि गिट्टीचे टिप्पर येत असतात, तेव्हा पाठीवर चमकणारी पट्टी हवीच. काळ्या रंगाबद्दल एक न्यायाची गोष्ट : शॉर्ट्स काळी चालते, कारण तिच्यावर बरीचशी सावली आपल्याच अंगाची असते. जर्सी काळी नको.

माप हंगामाप्रमाणे बदलतं. कोरड्या दिवसांत थोडी सैल, पण वाऱ्यावर फडफडणार नाही इतपत. दमट दिवसांत अंगाला टेकलेली, कारण कापड कातडीला लागलं तरच घाम ओढतं. पुढची चेन पोटापर्यंत उघडणारी असावी. परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट चढताना वेग मंदावतो, वारा मिळत नाही, आणि ती चेन किती कामाची हे तेव्हा कळतं.

सावध : जर्सीखाली बनियान नको. सवयीने घातलेली बनियान घाम पिऊन बसते आणि जर्सीपर्यंत काही पोचू देत नाही. पाठीवर सॅकही नको. सॅकखालची पाठ वाळत नाही. सामान सीटखालच्या पिशवीत किंवा कॅरिअरला लावा. मोबाइल मागच्या खिशात ठेवणार असाल तर आधी प्लॅस्टिकच्या पिशवीत घाला.

पायरी ४ : हात, मान, डोकं

हाफ बाह्यांची जर्सी आणि वेगळ्या स्लीव्ह्ज ही जोडी फुल बाह्यांच्या जर्सीपेक्षा सोयीची. पहाटे नसल्या तरी चालतात, ऊन चढलं की चढवायच्या. रस्त्याच्या कडेला गाडीवाल्यांसाठी विकायला असतात त्या बऱ्याचदा जाड आणि काळ्या असतात. पांढऱ्या किंवा फिक्या, फुंकर जाणाऱ्या घ्या. दंडाला रबराचा वण उमटत असेल किंवा बोटांना मुंग्या येत असतील तर मोठं माप घ्या.

डोक्याच्या बाबतीत आपल्याकडे दुपट्टा हे उत्तर ठरलेलं आहे आणि पायी चालणाऱ्याला ते चोख आहे. सायकलवर मात्र दोन अडचणी येतात. तीन वेटोळ्यांवर हेल्मेट घातलं की ते कपाळावरून वर उचललं जातं, पट्टा गालाला लागत नाही आणि पडल्यावर हेल्मेट मागे सरकतं. दुसरं, पाठीवर सोडलेलं टोक चाकात जाऊ शकतं.

त्याऐवजी जुन्या धोतराचा हात-दीड हाताचा चौकोनी तुकडा घ्या. धुऊन धुऊन मऊ झालेलं ते कापड विकतच्या बंडानापेक्षा सरस असतं. तिरका दुमडू नका, एकपदरीच ठेवा. एक कड भुवयांच्या वर दोन बोटं येऊ द्या, बाकीचं कापड मागे मानेवर सोडा, पुढची दोन टोकं कानांवरून मागे नेऊन साधी गाठ मारा. गाठ मानेच्या खळग्यात यावी, कवटीवर नको. वरून हेल्मेट घाला आणि मागचं कापड कॉलरच्या आत खोचा. मान झाकली जाते, घाम डोळ्यांत उतरत नाही आणि बाहेर काही लोंबत नाही.

तपासा : हेल्मेटची कड भुवयांपासून दोन बोटांवर आहे ना? हनुवटीखाली पट्ट्यात एकच बोट जातंय ना? डोकं जोरात हलवलं तर हेल्मेट जागेवर राहतंय ना? तिन्हीपैकी एकाचंही उत्तर "नाही" असेल तर कापड जाड झालंय.

नाक-तोंड आवळून बांधू नका. चढावर श्वास अडकतो. धुळीची गाडी आली की तेवढ्यापुरतं वर ओढा.

पायरी ५ : डोळे, तळहात, पाय

चष्मा यूव्ही ४०० लिहिलेला, म्हणजे अतिनील किरण अडवणारा घ्या. नुसती गडद काच वाईट, कारण अंधारात बाहुली मोठी होते आणि गाळणी नसेल तर अतिनील किरण जास्त आत जातात. पहाटेसाठी पारदर्शक काच लागते. किडे त्याच वेळी असतात.

हातमोजे अर्ध्या बोटांचे, अंगठ्यावर घाम पुसायला टॉवेलचं कापड असलेले. पायांत जाळीचे जोडे आणि पातळ सिंथेटिक मोजे. जाड सुती मोजे घामाने ओले राहतात आणि फोड आणतात.

पायरी ६ : ओढणी, पदर आणि चेन

मानव विकास कार्यक्रमातून सायकली मिळालेल्या मुली उन्हाळी वर्गांना आणि क्लासला जाताना तोंडाला ओढणी गुंडाळतात, टोकं पाठीवर सोडतात. सायकलवरच्या कपड्यांतली सगळ्यात घातक गोष्ट हीच आहे. ओढणीचं टोक मागच्या चाकात गेलं की गळ्याला फास बसतो, आणि ब्रेक लावायलाही वेळ मिळत नाही.

ओढणी दोन्ही खांद्यांवरून पुढे आणून कुर्त्याला सेफ्टी पिनने लावा किंवा कंबरेला गाठ मारा. त्याहून बरं म्हणजे ओढणी दप्तरात आणि डोक्याला वर सांगितलेला चौकोनी तुकडा. सलवारचा उजवा पायचा चेनच्या बाजूला असतो, त्याला घोट्याजवळ रबर लावा. साडीवर सायकल चालवायची असेल तर पदर कंबरेला खोचलेला हवा, आणि मागच्या चाकाला जाळी बसवून घ्या. ते काम गावातला सायकल मिस्त्री करून देतो.

खेळाची ब्रा घेताना जाड कप टाळा. ते घाम धरतात. पट्ट्यांखालची शिवण उलटी करून बघा, शॉर्ट्ससारखीच.

पायरी ७ : घरी तालीम, मग छोटी फेरी

नवा कपडा थेट लांब फेरीला घालायचा नाही. सगळा पेहराव चढवून सायकल भिंतीला टेकवा आणि तिच्यावर बसा. हँडलला खाली धरून वाका. पाठीवर जर्सी वर सरकून कंबर उघडी पडते का? तिथलं बोटभर कातडं भाजलं की आठवडाभर पट्टा लावता येत नाही. मागच्या खिशाला हात पोचतो का? पायडल उलटं फिरवून गुडघ्यामागे कापड गोळा होतं का ते बघा.

मग संध्याकाळी तासभर जाऊन या. घरी आल्यावर आरशासमोर अंग तपासा. काखा, जांघा, दंड, स्तनाग्रं, मानेची मागची बाजू. जिथे लाली असेल तिथे पुढच्या वेळी निघण्याआधी पेट्रोलियम जेलीचा पातळ हात फिरवा, पण कातडीवर, पॅडवर नाही. पॅडमध्ये मुरलेली जेली धुऊन निघत नाही.

पायरी ८ : रस्त्यावर ओलं कधी आणि कसं करायचं

कोरड्या दिवसांत हापशी दिसली की स्लीव्ह्ज आणि डोक्याचं कापड भिजवून घ्या. दहा-पंधरा मिनिटांत ते पुन्हा कोरडं होतं. तेवढा वेळ मिळणारा गारवा खरा असतो. दमट दिवसांत याचा फारसा फायदा नाही.

इथे एक बारीक चूक होते. माणूस उभ्यानेच मानेवर बाटली ओततो. पाणी पाठीच्या पन्हळीतून थेट शॉर्ट्समध्ये उतरतं, पॅड भिजतो आणि पुढच्या दहा किलोमीटरला मांड्या काचतात. पाणी घ्यायच्या आधी कंबरेतून पुढे वाका, डोकं खाली करा आणि मग ओता. पाणी केसांतून जमिनीवर जाईल, पाठ कोरडी राहील.

सावध : अंगावर पाणी घेणं म्हणजे पाणी पिणं नव्हे. घाम येणं थांबलं, उन्हात असून शहारे आले, डोकं जड झालं, बोलणं तुटक झालं तर फेरी तिथेच संपली. सावलीत आडवं व्हा, चेन उघडा, हेल्मेट-जोडे काढा, कपडे भिजवा आणि सोबत्याला वारा घालायला सांगा. माणूस बरळत असेल तर त्याच्या तोंडात पाणी ओतू नका. १०८ ला फोन लावा. एकट्याने जाणाऱ्याने जर्सीच्या खिशात घरच्यांचा फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवावी.

पायरी ९ : धुणं आणि वाळवणं

शॉर्ट्स एका फेरीला एकदाच. "उद्या पुन्हा जायचंच आहे" म्हणून खुंटीला अडकवलेल्या पॅडमध्ये रात्रभर बुरशी पोसली जाते. जांघेत खाज सुटली तर मेडिकलमधून विचारून आणलेलं मिक्स मलम चोळू नका. त्यात स्टेरॉइड असलं की खाज दोन दिवस दबते आणि गजकर्ण पसरत जातं. डॉक्टरला दाखवा.

घरी आल्याबरोबर उलटी करून साध्या पाण्यात बुडवा. थोडी पावडर, हाताने हलकं चोळणं, एवढंच. दगडावर आपटणं, मोगरी, ब्रश, पिळणं, इस्त्री यातलं काही नको. लायक्राचे धागे तुटतात. सुगंधी कंडिशनरही नको, त्याचा थर बसला की कापड घाम ओढायचं सोडतं. खात्री करायची असेल तर पाण्याच्या थेंबाची चाचणी पुन्हा करा.

अकोला, अमरावती, बुलडाण्याच्या खारपाणपट्ट्यात राहणाऱ्यांना एक काम जास्त आहे. बोअरच्या खाऱ्या पाण्यात फेस येत नाही, म्हणून हात पावडर जास्त टाकतो. मग साबण आणि मीठ दोन्ही पॅडमध्ये राहतात आणि वाळल्यावर पॅड कडक लागतो. पावडर कमीच टाका आणि शेवटचं खंगाळणं अर्धी बादली गोड्या पाण्यात करा. नळाचं असो की फिल्टरचं, तेवढं पाणी यासाठी बाजूला काढावंच लागतं.

वाळवायचं सावलीत, वाऱ्यावर, पॅड बाहेरच्या बाजूला करून. मे महिन्याच्या थेट उन्हात इलास्टिक लवकर मरतं. त्या दिवसांत सावलीतही दोन-तीन तासांत पॅड खणखणीत वाळतो. जूननंतर मात्र रात्रभर टांगूनही आतून ओलसर राहतो. गालाला लावून बघा, गार लागला तर अजून ओल आहे. रोज सायकल चालवणाऱ्याने पावसाळा लागायच्या आत दुसरी शॉर्ट्स घेऊन ठेवावी.

जुनी शॉर्ट्स कधी टाकायची हे तिचा मालक सहसा सगळ्यात शेवटी ओळखतो. मागचं कापड विरळ होतं ते मागून येणाऱ्यालाच दिसतं आणि तो संकोचाने बोलत नाही. महिन्यातून एकदा ती दोन्ही हातांनी ताणून उजेडाकडे धरा. पलीकडचं दिसत असेल, इलास्टिकचे पांढरे तंतू बाहेर आले असतील किंवा पॅड अंगठ्याने दाबल्यावर दबूनच राहत असेल तर तिची पाळी संपली. नवी मागवताना मागच्या वेळचा नंबर डोळे मिटून टाकू नका. कंबर, नितंब आणि मांडी टेपने पुन्हा मोजा. उन्हाळाभर नेमाने सायकल चालवलेल्या माणसाची मापं बदललेली असतात.